बेळगाव, बेळगावी आणि बेल्जियम

परवा रामदेव गल्लीत बाबांच्या ओळखीचे एक काका भेटले. "बेल्जियमला पाच वर्षं राहून आलीस म्हणे. मग परत कशाला आलीस गे? पोरांना कन्नड शिकवायला?" हसतच म्हणाले, पण खोच होती. रस्त्यात उभ्या उभ्या उत्तर जमलं नाही, म्हणून इथे लिहितेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आम्ही 2018 च्या एप्रिलमध्ये गेलो. नवऱ्याला लुव्हेनमध्ये चिपच्या संशोधनातलं काम मिळालं होतं. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी तीनची. तिथे पत्ता नोंदवला की पोलीस घरी येऊन खरंच राहता का ते बघून जातो. (शहापुरात आमच्या दारात पोलीस आला असता तर अख्खी गल्ली गोळा झाली असती.) जन्मगाव बेळगाव सांगितलं की समोरचा म्हणायचा, "हो, बेल्जियम, पण जन्म कुठला?" एका कचेरीतल्या बाईंनी तर आमचंच स्पेलिंग चुकलंय असं समजून परस्पर 'बेल्जियम' करून टाकलं. ते निस्तरतो न निस्तरतो तोच दुसरा घोळ. आम्हा तिघांच्या पासपोर्टवर बेळगाव, धाकटीच्या पासपोर्टवर बेळगावी, कारण ती 1 नोव्हेंबर 2014 नंतरची, म्हणजे सरकारने गावाचं नाव बदलल्यानंतरची. बाईंनी विचारलं, ही दोन वेगवेगळी शहरं का? म्हटलं, नाही हो, एकच. मग त्या बाई पहिल्यांदा हसल्या. "आमचंही तसंच. आम्ही लुव्हेन म्हणतो, फ्रेंचवाले लुव्हाँ."

मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं!

कारण त्या देशातही मधून एक रेघ गेलीय. उत्तरेला डच, दक्षिणेला फ्रेंच, ब्रसेल्स मध्ये आणि दोन्ही भाषांचं. आपली रेघ 1956 च्या राज्य पुनर्रचनेची, त्यांची 1962 च्या कायद्याने पक्की झालेली. लुव्हेनहून फ्रेंच भागातल्या लिएजकडे निघालं की अर्ध्या वाटेत डब्यातली घोषणा डचमधून फ्रेंचमध्ये जाते आणि त्याच स्टेशनाचं नाव बदलतं.

या घोषणांनीच आम्हाला पहिल्या उन्हाळ्यात गंडवलं. ऑगस्टमध्ये सासूबाई आल्या होत्या, त्यांना समुद्र दाखवायला ब्लांकेनबर्गला निघालो. गर्दी इतकी की सासूबाई आणि धाकटी मागच्या डब्यात, आम्ही तिघं पुढे. ब्रसेल्समध्ये दोन्ही भाषांत सांगत होते, पुढे फक्त डच. तेव्हा आम्हाला डच म्हणजे दगड. ब्रुजला गाडीचे दोन तुकडे होतात, पुढचा एका गावाला, मागचा दुसऱ्या, हे सगळ्या डब्याला कळलं, आम्हाला सोडून. ब्लांकेनबर्गला उतरून मागे बघतो तर मागचे डबेच नाहीत! माझे पाय गळाले. नवरा स्टेशनमास्तर शोधत पळाला. मुलगा रडायला लागला. वीस मिनिटांनी फोन आला, अनोळखी बाईचा. सासूबाई क्नोकेला पोचल्या होत्या. पर्सच्या आतल्या कप्प्यात आमच्या नंबरची चिठ्ठी होती, ती त्यांनी शेजारच्या बाईसमोर धरली होती. त्या बाईंनी दोघींना किनाऱ्याच्या ट्राममध्ये बसवून दिलं. ही ट्राम क्नोकेपासून डे पानपर्यंत 67 किलोमीटर समुद्राच्या कडेकडेनं जाते, वाटेत ब्लांकेनबर्ग. आम्ही स्टॉपवर जीव मुठीत धरून उभे, आणि या दोघी खिडकीत भडंग खात आल्या. "घाबरायचं काय त्यात गे? समुद्र एकच हाय की." त्या बाईंशी कुठल्या भाषेत बोललात विचारलं तर म्हणाल्या, "निम्मं मराठी, निम्मं कन्नड. तिला सगळं कळलं."

शाळेचं फार सांगत नाही. बुधवारी दुपारी सुट्टी, डब्यात पाव, शिक्षिकेला 'युफ' म्हणायचं. पोह्यांचा डबा आठवडाभर तसाच परत आला, मग मी हार मानून पावात शेंगदाण्याची चटणी भरायला लागले. ती खपली.

शेजारचे आजोबा मात्र सांगायलाच हवेत. कुंदा दिला की चॉकलेट परत यायचं आणि सोबत एक गोष्ट. ते विद्यार्थी असताना, 1968 मध्ये, लुव्हेनच्या विद्यापीठातून फ्रेंच विभाग बाहेर काढायचं ठरलं. त्यांच्यासाठी रेघेपलीकडे नवं गावच वसवलं. ग्रंथालयातली पुस्तकंही वाटली, सम क्रमांक एकाला, विषम दुसऱ्याला. आपल्याकडे हे अजून कुणाला सुचलेलं नाही, आणि कृपा करून या पोस्टवरून कुणी सुचवून घेऊ नका.

म्हणून कुणी "बघा, तिकडे कसे गुण्यागोविंदाने राहतात" म्हणालं की मला हसू येतं. ब्रसेल्सभोवती सहा डच गावं अशी आहेत जिथे फ्रेंच बोलणाऱ्याला सरकारी कागद फ्रेंचमध्ये मागता येतो, पण डच भागाचं फ्लेमिश सरकार म्हणतं, दर वेळी नव्याने मागा. ओळखीचं वाटतंय ना? 2024 मध्ये एका रेल्वे कंडक्टरने डच भागात डचबरोबर 'बाँजूर' म्हटलं, तर प्रवाशाने तक्रार केली. 2025 च्या फेब्रुवारीत आपल्याकडे बसमधल्या मराठी-कन्नडवरून कंडक्टरला मार बसला आणि दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेवर अडल्या. भांडण तिकडेही तेवढंच कडू आहे. फक्त त्यांचं कागदावर चालतं, आणि तक्रार कितीही खुळचट असली तरी कुणाचं डोकं फुटत नाही. मला एवढाच फरक दिसला, आणि तो मला मोठा वाटतो.

आता माझं स्वतःचं. मी तिथे दोन वर्षं संध्याकाळी डचच्या वर्गाला गेले. चाळिशीला टेकलेली बाई, थंडीत सायकल मारत, क्रियापदं घोकत. कुणी म्हटलं नाही की मराठीशी गद्दारी केलीस. उलट इथे कौतुकच झालं. आणि कन्नड? शाळेत पास होण्यापुरती. बाजारात घासाघीस करण्याइतकी फाडफाड बोलते, वाचायला बसले की पहिलीतलं पोर बरं. साडेचार हजार मैलांवरची भाषा शिकताना माझा स्वाभिमान दुखावला नाही, मग खडेबाजारातल्या पाट्यांनी तो का दुखावा? काका, घरपट्टीची पावती मला मराठीतच हवी, ती मागणी मी सोडलेली नाही, सोडणारही नाही. पण मागणारीला समोरचा कागद वाचता आला तर बिघडलं कुठे?

2023 ला परत आलो. मुलगा महिन्याभरात "काय करूलालास बे" वर आला. धाकटीला शाळेत कन्नड आहे आणि रोज संध्याकाळी ती माझा अभ्यास घेते. चुकले की डचमध्ये ओरडते.

काल दोघी खानापूरला निघालो होतो. स्टँडवर ती म्हणाली, पाटी तू वाच, मी सांगणार नाही. मी सुरू केलं, खा... ना... पू...

"आई, गेली की."