काढ म्हणजे नेमकं काय काढू?

दिवाळीच्या आधीच्या रविवारी घरात एकच क्रियापद चालतं. माळा काढ, जळमटं काढ, पडदे काढ, केर काढ. अशा ऐन रगाड्यात 'दारात रांगोळी काढ' ऐकून कोणी केरसुणी घेऊन धावला, तर मी त्याला दोष देणार नाही.

यातली मेख शेजारच्या अक्षरात असते. 'भिंतीवर चित्र काढ' म्हटलं की खडू घ्यायचा, 'भिंतीवरचं चित्र काढ' म्हटलं की स्टूल. सगळा खेळ एका 'चं'चा. फोटोला मात्र हा नियम लावू नये. 'आजोबांचा फोटो काढ' म्हटल्यावर आजोबा खुर्चीत आहेत की खिळ्यावर, ते आधी बघावं.

पुढे आणखी एक क्रियापद आलं की जरा हायसं वाटतं. 'काढून ठेव' म्हणजे लागणार आहे, 'काढून टाक' म्हणजे भंगारवाल्याला, 'काढून घे' म्हणजे दिलेलं परत. नुसतं 'पितळेची भांडी काढ' ऐकलं तर घासायला, वापरायला की मोडीला, हे विचारूनच हात लावा; मोडीत गेलेली कळशी परत येत नाही. नुकसान तर आपण भरून काढतो. आधी भरायचं, मग काढायचं, आणि तरी ते भरलेलंच!

प्रतिशब्दांकडे वळून सुटका होईल म्हणता? मेथी निवडताना निवडलेलं पान ठेवायचं, तांदूळ निवडताना निवडलेला खडा टाकायचा. क्रियापद तेच, ताटही तेच. बांगडी 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढवली' म्हणायचं. नारळही वाढवायचा, पण तोच हातात दिला की नोकरी गेली.

माणसाला काढायचं म्हटलं की आपल्या भाषेला बहर येतो. डच्चू आहे, हकालपट्टी आहे. अर्धचंद्र म्हणजे मानगुटीवर ठेवलेल्या पंजाचा आकार: एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला बोटं, मधे मान. उचलबांगडीत तर हातपाय धरून उचलून न्यायचं. हल्ली वर्तमानपत्रांत ती साध्या बदलीवरही भागते.

राहता राहिला माळा. तो काढला तरी जागचा हलत नाही. खाली येतं ते सामान, आणि 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणत संध्याकाळपर्यंत तेही परत वर जातं.