मोजायचं कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

घरोघरी कार्बन फूटप्रिंट, म्हणजे आपल्या वापरामुळे हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड, मोजावा, असं मी लिहिलं होतं. त्यावर सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: कार्बन फूटप्रिंटचा हिशेब तेल कंपन्यांनी ग्राहकाच्या माथी मारलाय, लिटरभर पेट्रोलमधून २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो हे मी लिहिलेलं अशक्य आहे. आणि चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात रात्रंदिवस कोळसा जळत असताना घरातला पंखा बदलून काही साधत नाही.

आधी पेट्रोल, कारण तिथे वादच उरत नाही. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास असतं आणि त्यात साधारण ६४० ग्रॅम निव्वळ कार्बन. जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू घेतो, म्हणजे १२ ग्रॅम कार्बनचा ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. गुणाकार करून बघा. वाढलेलं वजन हवेतून आलेलं असतं.

तेल कंपन्यांबद्दल तुमचा राग रास्त आहे. बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने २००४च्या सुमारास लोकांना आपापला फूटप्रिंट मोजायला लावला आणि स्वतः तेल काढत राहिली. पण मोजण्याची कल्पना तिची नाही. त्याआधी, १९९०च्या दशकात, विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनागेल यांनी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात माणसाचा निसर्गावरचा भार मोजायची पद्धत मांडली होती. कंपनीने तिचा गैरवापर केला म्हणून आपण मोजणंच सोडायचं, हे मला पटत नाही.

आता चंद्रपूर. २,९२० मेगावॅटचं ते केंद्र आपल्या घरांसाठी आणि कारखान्यांसाठीच चालतं. राख आणि धूर मात्र तिथल्या लोकांच्या वाट्याला येतात. मला हे फार लागतं. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. जुना छताचा पंखा ७५ वॅट खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३०च्या आसपास. रोज बारा तास, वर्षातले तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात, म्हणजे सुमारे ११५ किलो वायू. पन्नास लिटर पेट्रोल न जाळण्याइतकं हे आहे. पण मुंबई–लंडन विमानाने जाऊन-येऊन माणशी जवळपास एक टन होतो, त्यापुढे एक पंखा काहीच नाही. हे प्रमाण कळावं म्हणूनच मोजायचं. नाहीतर माणूस प्लॅस्टिकच्या पिशवीवरून घरात भांडतो आणि एसी १८वर ठेवून झोपतो.

खाण्याकपड्यांचे आकडे अंदाजाचे असतात, म्हणून मी ते धरत नाही. लाइट बिल, गॅस आणि पेट्रोल यांची मोजणी मात्र पक्की होते. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड.

‘भारतीय माणूस वर्षाला दोनच टन सोडतो, अमेरिकन त्याच्या सातपट,’ हेही तुम्ही लिहिलंय. खरं आहे, आणि जागतिक वाटाघाटीत ते ठणकावून सांगायलाच हवं. पण या सरासरीत मेळघाटातलं घर आहे आणि दोन एसी, दोन गाड्यांचं पुण्यातलं घरही आहे. दुसऱ्याने पहिल्याच्या आड लपू नये.

आणि एकट्यानेच सगळं करा, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. आमच्या सोसायटीत सोलरचा विषय ‘नंतर बघू’वर अडकायचा. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचं कॉमन मीटरचं वर्षभराचं बिल सभेत मांडलं, तेव्हा कुठे चर्चा पैशांवर आणि गच्चीतल्या जागेवर आली. केंद्र सरकारच्या गच्चीवरच्या सोलरसाठीच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. एका किलोवॅटच्या सोलरमधून आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट धरतात.

तुमच्याही कमिटीकडून कॉमन मीटरची बारा महिन्यांची बिलं मागून घ्या. युनिट इथे लिहिलेत तर किती किलोवॅट लागतील, याचा हिशेब मी करून देतो.