ग्रुप म्हणता, मग त्यात काय असणार ते एकदाचं ठरवा की!

डोकं उठवलंय लिनक्सच्या या पॅकेज ग्रुपांनी, म्हणजे एका नावाखाली बांधलेल्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांनी! नव्या मशीनवर कोडचा प्रोग्राम बनवणारा कंपायलर हवा, बिल्ड चालवणारं मेक हवं, कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट हवं. एकेक नाव टाइप करत बसायला नको म्हणून तर 'डेव्हलपमेंट टूल्स' हा ग्रुप काढला ना? अल्मा किंवा रॉकी लिनक्सवर तो टाका, जीसीसी हा कंपायलर मिळतो. फेडोरा लिनक्सवर याच नावाच्या ग्रुपात गिट आहे, कोडची कागदपत्रं बनवणारं डॉक्सिजन आहे, पण यादीत जीसीसीचं नाव नाही! तो बसलाय 'सी डेव्हलपमेंट टूल्स अँड लायब्ररीज' नावाच्या दुसऱ्याच ग्रुपात. दुसऱ्या कुठल्या पॅकेजची डिपेंडन्सी म्हणून, म्हणजे त्याला लागतो म्हणून, आला तर आला. एकाच घराण्यातल्या दोन डिस्ट्रो (लिनक्सचे तयार संच), एकच नाव आणि आतला माल वेगळा. हा काय पोरखेळ लावलाय?

बरं, निदान कमांड तरी कायम ठेवा. 'ग्रुपइन्स्टॉल' हा जोडशब्द वर्षानुवर्षं लोकांच्या बोटांत बसलेला, शेकडो ट्युटोरियलमध्ये आणि ऑफिसातल्या जुन्या स्क्रिप्टांमध्ये छापलेला. 2024 मध्ये फेडोरा 41 बरोबर पॅकेजं टाकणारं-काढणारं नवं साधन डीएनएफ 5 आलं आणि तो शब्दच त्याला ओळखू येईना. ठीक आहे, 'ग्रुप' आणि 'इन्स्टॉल' तोडून लिहिलं. तरी 'डेव्हलपमेंट टूल्स' हे अवतरणातलं नाव जुळत नाही! आता म्हणे आयडी द्या, सगळी अक्षरं लहान आणि मधे आडवी रेघ. अरे, जुनं नाव स्वीकारून पुढे जायला काय धाड भरली होती? रात्री सर्व्हर उभा करणाऱ्या माणसाने ही कोडी सोडवायची?

आणि ग्रुप टाकला म्हणजे सगळा आला असंही नाही. आत मँडेटरी, डीफॉल्ट, ऑप्शनल असे थर. पहिले दोन आपोआप येतात, ऑप्शनलसाठी वेगळा पर्याय द्यायचा. काही ग्रुप तर लपवलेलेच, साध्या यादीत दिसत नाहीत. त्यावर पुन्हा एन्व्हायर्नमेंट ग्रुप, म्हणजे ग्रुपांचा ग्रुप, आणि डीएनएफ 5 मध्ये त्यांची यादी बघायची कमांडही निराळी. आणि एखाद्या ग्रुपातली सगळी पॅकेजं तुम्ही हाताने एकेक करून टाकली असतील, तरी हिशोबात तो ग्रुप इन्स्टॉल झालेला नाही! सेंटओएस 7 या जुन्या डिस्ट्रोवर यम, म्हणजे डीएनएफच्या आधीचं साधन, सरळ सांगायचं की या ग्रुपात टाकण्यासारखं काही नाही, 'मार्क इन्स्टॉल' करून बघा. पॅकेजं डिस्कवर असताना वर शिक्का कशाला मारायचा?

काढताना तर जीव मुठीत धरावा लागतो. जुन्या यमच्या मॅन पेजमध्ये, म्हणजे कमांडच्या माहितीपानात, स्वच्छ लिहिलेलं होतं की दोन ग्रुप टाकून त्यातला एक काढलात, तर फक्त दुसराच टाकल्यासारखी स्थिती मिळणार नाही, कारण एक पॅकेज अनेक ग्रुपांत असू शकतं. दोष माहीत होता, तो दुरुस्त करण्याऐवजी मॅन पेजमध्ये लिहून ठेवला! डीएनएफ आता कोणतं पॅकेज ग्रुपमुळे आलं याची नोंद ठेवतं, ते बरंच सुधारलंय, हे मान्य. तरीही आख्खा डेस्कटॉप ग्रुप काढायची कमांड दिली की होकाराच्या 'वाय'आधी ती लांबलचक यादी ओळ न् ओळ वाचल्याशिवाय एंटर दाबायची माझी छाती होत नाही. नेटवर्कचं काही त्यात गेलं, तर दूरच्या सर्व्हरवर परत शिरायचं कसं?

हे टाळता येतं, म्हणून जास्त चीड येते. डेबियन डिस्ट्रोवर 'बिल्ड-इसेन्शियल' हे साधं मेटापॅकेज आहे: जीसीसी, जी++, मेक, सगळं डिपेंडन्सी म्हणून बांधलेलं, त्याला स्वतःचं व्हर्जन. आर्च या डिस्ट्रोने 2019 मध्ये 'बेस' ग्रुप मोडून त्याचं मेटापॅकेज केलं, 2023 मध्ये 'बेस-डेव्हल'चंही. मग इथे काय अडलंय? ते होत नाही तोवर माझ्या स्क्रिप्टांत एकाही ग्रुपचं नाव येणार नाही. जीसीसी, मेक, ऑटोकॉन्फ, गिट, एकेक नाव हाताने लिहीन.