नाकाचा सांडवा

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या परवाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मला शेवटच्या रांगेत, पाण्याच्या पिंपाशेजारी बसवण्यात आले, आणि त्याचे कारण एवढेच की मी सारखा खाकरत होतो. ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घेण्याचे कायद्याचे बंधन असल्यामुळे अध्यक्ष घाईत होते. तरीही मी खाकरलो की मला हरकत नोंदवायची आहे अशा समजुतीने ते ‘बोला’ म्हणून थांबत. अखेर ‘त्यांना सर्दी झाली आहे, मागे बसू द्या’ असे सेक्रेटरींनी सुचवले आणि ते तत्काळ सर्वानुमते मान्य झाले.

मागे शेजारी दुसऱ्या मजल्यावरचे काका होते. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे आमच्या गच्ची दुरुस्ती समितीचे आजन्म प्रमुख आहेत. मला सर्दी नसून पोस्टनेझल ड्रिप आहे, म्हणजे नाकातला स्राव पुढून न येता मागून घशात उतरतो, असे मी त्यांना हळू आवाजात सांगितले. काकांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

“विसर्ग किती?”

निरोगी माणसाच्या नाकात आणि सायनसमध्येही दिवसाला सुमारे एक लिटर स्राव तयार होतो आणि आपण तो नकळत गिळतो, असे मी म्हणालो.

“मग तक्रार कसली? प्रवाह तर बारमाही आहे.”

“तो वाढला किंवा दाट झाला की घशात जाणवतो, काका.”

“गाळ,” काका गंभीरपणे म्हणाले. “आवक कुठून आहे?”

धूळ, परागकण किंवा बुरशीची ॲलर्जी, सायनसची सूज, नाकाचा वाकडा पडदा, काही जणांच्या बाबतीत पोटातून वर येणारे आम्ल, अशी कारणे मी सांगू लागलो. “पाणलोट क्षेत्र मोठे आहे तुमचे,” असे म्हणून त्यांनी अहवालपत्रिकेच्या मागे माझ्या नाकाचा उभा छेद काढला आणि त्यात एक सांडवाही दाखवला. रात्री आडवे झाल्यावर खोकला वाढतो का, हेही त्यांनी विचारले. मी ‘हो’ म्हणताच ते प्रसन्न झाले. “वाढणारच, उतार बदलतो. उशी उंच घ्या.” हा सल्ला योग्य होता, याचा मला अजून राग येतो. कारण त्यानंतर त्यांनी चष्मा पुसत निकाल दिला, “पण मुळात ही सर्दीच.”

सर्दी विषाणूंमुळे होते. घसा खवखवतो, शिंका येतात, नाक वाहते, क्वचित कणकण असते आणि बहुधा आठ-दहा दिवसांत सारे आटोपते. मला ताप नाही, अंगदुखी नाही. नाक आणि डोळे मात्र खाजतात, आणि हे महिनोन्‌महिने चालते. सर्दी झालेल्याला आल्याचा चहा मिळतो, कचेरीतून रजा मिळते, लोक चार दिवस सांभाळूनही घेतात. घशात काहीतरी उतरते म्हणून रजा मागणाऱ्याकडे साहेब ज्या नजरेने पाहतात, ती नजर मला सहन होत नाही. औषधाच्या दुकानात तर कफ पिवळा आहे एवढे ऐकूनच अँटिबायोटिकची पट्टी पुढे सरकवली जाते. वास्तविक नुसत्या रंगावरून जिवाणूंचा संसर्ग ठरत नाही, आणि विषाणूंवर किंवा ॲलर्जीवर त्या गोळ्यांचा काहीही उपयोग नसतो. वर नाक मोकळे करणारा स्प्रे हौसेने देतात, पण तो काही दिवसांपलीकडे मारत राहिले तर नाक उलट अधिकच चोंदते, हे सांगण्याची तसदी कोणी घेत नाही.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी घशाची मागची भिंत पाहिली, तिच्यावरचे बारीक उंचवटे पाहिले आणि घरात ओल आहे का, असे विचारले. आहे. गच्चीचे पाणी माझ्या पलंगामागच्या भिंतीत झिरपते आणि दर पावसाळ्यात तिथे काळी बुरशी धरते. हेही मी काकांना सांगितले. समितीचे म्हणणे असे की भिंत पूर्ण वाळल्याशिवाय कामाला हात घालता येत नाही. आणि उन्हाळ्यात ती वाळली की गळती थांबल्याची नोंद करून विषय इतिवृत्तातून वगळला जातो.