काउंटरवरचा विमा नाकारण्याआधी

भाड्याने गाडी घेण्याबद्दलच्या एका लेखात वाचलं: ‘गाडी घेताना कंपनीच्या काउंटरवर देऊ करतात तो विमा सरळ नाकारा, क्रेडिट कार्डावर तो असतोच’. हे वाक्य अर्धवट आहे आणि महागात पडू शकतं. कार्डाचं संरक्षण बहुतेक वेळा भाड्याच्या गाडीचं नुकसान किंवा चोरी एवढ्यापुरतंच असतं. आपल्या हातून दुसऱ्या कुणाला इजा झाली, त्याची गाडी ठोकली गेली, तर ते सहसा कामाला येत नाही. काही देश आणि काही प्रकारच्या गाड्याही त्यातून वगळलेल्या असतात.

मी अटी न वाचताच गाडी घेतली होती. बंपरवरच्या ओरखड्याचे पैसे मलाच भरावे लागले, कारण भाडं भरलं होतं नवऱ्याच्या दुसऱ्याच, हे संरक्षण नसलेल्या कार्डावरून! आता निघण्याआधी बँकेकडून अटी लेखी मागवते आणि गाडी घेताना-देताना चारही बाजूंचा व्हिडिओ काढते.