डबी जड, म्हणून क्रीम भारी?

नाशिकला थंडी पडली की कॉलेज रोडच्या टपरीवर सगळ्यांचे हात पांढरे पडलेले असतात. परवा चहा येईपर्यंत नीतानं पर्समधून काचेची जड डबी काढली आणि मेडिकलवाल्या सचिनचा पारा चढला.

"अठराशे रुपये? पन्नास ग्रॅमला? अगं, मागे वाच जरा. पाणी, ग्लिसरीन, डायमेथिकोन. माझ्याकडच्या दीडशेच्या ट्यूबवरही पहिली नावं हीच आहेत."

"मग हे लावल्यावर मला बरं का वाटतं?"

"मनाचे खेळ."

हे मला खटकलं, म्हणून मी मध्ये पडलो. २००८ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून त्यांच्या हातावर क्रीम चोळलं होतं. समोर शब्द यायचे, कधी 'समृद्ध मॉइश्चरायझिंग क्रीम', तर कधी 'साधं क्रीम'. भारी नाव वाचताना तोच स्पर्श लोकांना जास्त सुखद वाटला. आणि ते नुसतं तोंडानं सांगणं नव्हतं, मेंदूतल्या इन्सुला आणि व्हेंट्रल स्ट्रायटम या भागांचा प्रतिसादही शब्दागणिक बदलला.

"वाइनचंही तेच," मी म्हणालो. नाशिककरांना वाइनचा दाखला लवकर पटतो. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात ५ डॉलरची वाइन ४५ डॉलरची सांगून पाजली, तेव्हा ती लोकांना जास्त आवडली आणि सुखाची नोंद घेणारा ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स जास्त सक्रिय दिसला. मुळात चव टिपणाऱ्या भागांत मात्र फरक नव्हता. म्हणजे नीताला वाटणारं बरं खरंच आहे, ती नाटक करत नाही.

"मान्य," सचिन म्हणाला, "पण कातडीला किंमत वाचता येते का? कोरडी कातडी म्हणजे आतलं पाणी उडून जाणं. ते अडवायला वर थर हवा. पेट्रोलियम जेलीचा थर ते काम चोख करतो, मग डबी कसलीही असो."

इथे मी सचिनच्या बाजूचा. सुख मेंदूत झालं म्हणून कातडी दुरुस्त झाली, असं त्या प्रयोगात कुठेच नाही. दुकानदार या दोन गोष्टींची सरमिसळ करून पैसे घेतो, तेव्हा मला खरा राग येतो.

मंगल इतका वेळ गप्प होती. तिचं पार्लर आहे. "तुम्ही दोघं डबीवरच अडलात. माझ्याकडे बाया डोळे मिटून पडतात, ते क्रीममुळे नाही. हात सावकाश फिरला की पडतात. घाईत चोळलं, तर महागाचंही फुकट."

बाई अगदी बरोबर बोलली! केसाळ कातडीत सी-टॅक्टाइल नावाचे मज्जातंतू असतात. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर इतक्या हळुवार स्पर्शाला ते सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात. ऊबदार हातानं कुरवाळावं, तो वेग.

सचिन जरा निवळला. "आईसाठी भावानं दुबईहून असंच भारी क्रीम आणलं. तिनं ते साड्यांखाली ठेवलंय, लग्नकार्याला लावीन म्हणते. इकडे नडग्या खवल्यांसारख्या झाल्यात."

"मग त्या डबीत जेली भरून दे," नीता म्हणाली. "दोन्ही फायदे."

"आईला फसवू? नाही जमणार."

मलाही जमलं नसतं. नीताचं म्हणणं होतं, आईला बरं वाटलं तर बिघडलं कुठे? यावर दुसरा चहा झाला, पण दोघांपैकी कुणी हटेना.

"जेली लावून कोण देतं?" मंगलनं विचारलं.

"तिची तीच लावते. मी दुकानातून पाठवतो."

"वाकता येतं तिला?"

सचिन काही बोलला नाही. पैसे देऊन गाडीला किल्ली लावली, मग माझ्याकडे वळला. "सेकंदाला किती सेंटिमीटर म्हणालास?"