एसक्यूलाइटमध्ये ओपन फेल झालं तरी क्लोज करायचंच

सध्या एक मेसेज फिरतोय, की एसक्यूलाइटमध्ये (ॲपच्या आतच चालणारी डेटाबेस लायब्ररी) डेटाबेस ओपन करणं फेल झालं तर हँडल (त्या कनेक्शनचा पॉइंटर) बनतच नाही, त्यामुळे क्लोज करायची गरज नाही, उलट केलं तर प्रोग्राम क्रॅश होतो. हे चुकीचं आहे. एरर आली तरी हँडल बहुतेक वेळा हातात येतंच, आणि का फेल झालं तो मजकूर एररमेसेज फंक्शन त्याच हँडलवरून देतं, मग हँडल नसतं तर विचारलं कोणाला असतं? फक्त मेमरीच मिळाली नाही तर हँडलऐवजी नल (रिकामा पॉइंटर) येतो, पण नलवर क्लोज मारलं तरी काही बिघडत नाही, ते काही न करता गुपचूप परत येतं. म्हणजे दोन्ही केसमध्ये क्लोज करा, नाहीतर सर्व्हरवर रिट्राय लूपमध्ये मेमरी गळत राहते आणि कळतही नाही.

खरी गडबड वेगळीच आहे. प्रिपेअर केलेलं स्टेटमेंट (चालवायला तयार केलेली एसक्यूएल क्वेरी) फायनलाइझ न करता, म्हणजे मोकळं न करता, साधं क्लोज केलं की ते बिझी एरर देऊन परत येतं आणि हँडल उघडंच राहतं, आणि क्लोजची रिटर्न व्हॅल्यू बघतो कोण! २०१२ मध्ये आलेलं क्लोज व्ही२ (क्लोजचंच दुसरं रूप) अशा वेळी ओके म्हणतं, पण शेवटचं स्टेटमेंट फायनलाइझ होईपर्यंत कनेक्शन आत झोंबी बनून पडून असतं.